सुवर्णाची मिलिटरी

मखमलाबादच्या शिवारात रावजींना नुसतं रावजी कुणी म्हणत नसे, मिलिटरीवाले रावजी म्हणत. आता या गृहस्थांचा मिलिटरीशी संबंध एवढाच, की त्यांच्याकडे मिलिटरीतली मोटरसायकल होती आणि तिच्यावरून ते रोज सकाळी झेंडूच्या पाट्या नाशिकच्या फूलबाजारात नेत. पण नाव पडलं ते पडलं. पुढे गाडीलाही लोक 'मिलिटरी'च म्हणू लागले. मिलिटरी गेली का, असं कुणी विचारलं की समजायचं, रावजी बाजाराला गेले का म्हणून विचारतोय.

हे सगळं सांगायचं कारण त्यांची मुलगी सुवर्णा. तिला तुम्ही पाहिलंही असेल. पंचवटीत, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं हारफुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी आणि वर ताडपत्री. पंचेचाळिशीची, चणीने बारीक, बोलायला फटकळ. गिऱ्हाइकाने फार घासाघीस केली तर ती भांडत नाही, हार उचलून शांतपणे परत टोपलीत ठेवते. मग गिऱ्हाईकच वरमतं.

गाडी घरात आणली ती तिच्या आजोबांनी, वाळूबुवांनी. महायुद्धाच्या काळात ते देवळाली कॅम्पात हमाली करत. युद्ध संपलं, गोरे बोटी धरून घरी गेले आणि त्यांच्या सामानाचा लिलाव निघाला. वाळूबुवा लिलावात तंबूचं कापड घ्यायला म्हणून गेले आणि बीएसए कंपनीची पाचशे सीसीची मोटरसायकल घेऊन आले. चालवता येत नव्हतीच. बैलगाडीच्या मागे बांधून देवळालीपासून घरापर्यंत ओढत आणली. आजीने पुष्कळ दिवस अबोला धरला होता म्हणे. पुढची कित्येक वर्षं त्या गाडीवर कोंबड्या बसत. रावजी वयात आले, कुणाकुणाच्या हातापाया पडून चालवायला शिकले, तेव्हा कुठे कोंबड्यांना दुसरी जागा शोधावी लागली.

रावजींचं प्रेम म्हणजे आपल्या लोकांचं असतं तसं होतं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून जो रंग उरे, तो ते गाडीच्या टाकीला फासत. एका वर्षी लाल, एका वर्षी निळा, एका वर्षी दोन्ही थोडे थोडे उरले म्हणून अर्धी अर्धी. मूळचा मिलिटरी हिरवा रंग त्याखाली कधी गडप झाला ते त्यांनाही कळलं नाही. आणि दसऱ्याला, बाजार उठल्यावर, घरची पूजा झाली की त्यांनी घातलेला एक रिवाज होता. घरातल्या प्रत्येकाने गाडीला एक किक मारायची. पाहुणा असला तरी त्याची सुटका नसे. गाडी मोठी मानी होती. धटिंगण माणसाची किक ती उलटवून लावी आणि नडगी सुजवी.

सुवर्णा नववीत असताना तिचा नंबर आला. आदल्या वर्षीपर्यंत मुलींचं नुसतं किकला पाऊल लावून घेत. रावजींनी तिला जवळ बोलावून सांगितलं, की जोर लावायचाच नाही. डाव्या मुठीशी एक छोटा खटका आहे, तो दाबला की इंजिन दम सोडतं. तो दम पायाला कळला की खटका सोडायचा आणि मग एकच किक. सुवर्णाने डोळे मिटून पायाने अदमास घेतला आणि किक मारली. गाडी धडधडायला लागली. चाळीस किलोची पोर आणि तिच्या पायाखाली ते धूड. रावजींनी सगळ्या भावकीसमोर सांगून टाकलं, "माझ्यामागं मिलिटरी सुवर्णाची."

लोकांना ती थट्टा वाटली. सुवर्णाला वाटली नाही. लग्नाआधी ती वडिलांकडून गाडी चालवायलाही शिकली. रावजी गेल्यावर रीतीप्रमाणे जमिनीवरचा हक्क सोडायची वेळ आली. धाकटा भाऊ समाधान मान खाली घालून बसला होता, कारण मागायची त्यालाही लाज वाटत होती. सुवर्णाने खळखळ न करता सही केली. उठताना एवढंच म्हणाली, की जमीन तुझी, आई आपल्या दोघांची आणि मिलिटरी माझी. तिच्या सासरी, पंचवटीतल्या दोन खोल्यांत, गाडी ठेवायला जागा नव्हती म्हणून ती माहेरीच कांदे साठवायच्या चाळीत राहिली.

राहिली ती मेल्यासारखी. रावजींच्या शेवटच्या दिवसांत कधीतरी ती जाम झाली आणि किक तसूभर खाली जाईना. तरी घरच्यांनी रिवाज मोडला नाही. दर दसऱ्याला हार घालायचा, एकेकाने किकवर पाय ठेवायचा, ती हलत नाही हे बघायचं आणि जेवायला बसायचं. अशी दहा-अकरा वर्षं गेली. सुवर्णा दर वर्षी म्हणे, पुढच्या वर्षी बघू. प्रपंचात असलं पुढचं वर्ष लवकर येत नाही.

मग यंदा श्रावणात हर्षल नावाचा एक तरुण समाधानकडे आला. गंगापूर रस्त्याला त्याचं मोठं हॉटेल आहे. झेंडू ठरवायला आला आणि चाळीतली गाडी बघून हरखला. हॉटेलच्या फाटकाशी तिला उभी करू, चाकांत दिव्यांच्या माळा सोडू, लोक फोटो काढतील, असं त्याचं म्हणणं. पोरगा वाईट नव्हता, अदबीने बोलत होता. समाधानला पटलं. चाळीत गंजण्यापेक्षा चार लोक बघतील तरी, असं त्याने सुवर्णाला फोन करून सांगितलं, आणि वर म्हणाला, की आईचंही तेच मत आहे.

आईचं मत ऐकून सुवर्णा चरकली. नवसाबाई म्हणजे फुटकी बरणीसुद्धा टाकू न देणारी बाई. नवऱ्याची टोपी तिने अजून खुंटीवरून काढलेली नव्हती. ती गाडी द्यायला तयार होते म्हणजे काहीतरी बिनसलंय. सुवर्णा दुसऱ्याच दिवशी माहेरी गेली. नवसाबाई अंगणात फुलं निवडत होती. तिच्या शेजारी चिमणाबाई, म्हणजे रावजींची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. सुवर्णाने काही विचारायच्या आत आई म्हणाली, "जाऊ दे तिला. झालं तिचं आता." आणि पुन्हा फुलांत हात घातला.

सुवर्णाला राग आला. राग आला की ती कमी बोलते. समाधानला तिने सांगितलं, की दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला मी सगळ्यांसमोर किक मारीन. चालू झाली तर माझी, नाही झाली तर हर्षलची, मग तिच्यात दिवे लाव नाहीतर कुंड्या ठेव. बोलून बसली खरी, पण परतीच्या रिक्षात तिला भलतंच दिसू लागलं. गाडी फाटकाशी उभी आहे, पाहुणे तिच्यावर बसून दात काढताहेत आणि चाकांत निळे-गुलाबी दिवे लुकलुकताहेत, हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

जुन्या नाशकात हबीबभाईंचं गॅरेज आहे. रावजींच्या हयातीत मिलिटरीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. आता हबीबभाईंची दाढी पांढरी झाली होती आणि गॅरेजमध्ये सगळी आजकालच्या गाड्यांची रांग. समाधानच्या टेम्पोतून मिलिटरी उतरली तेव्हा त्यांनी आधी हात धुतले आणि मग तिला हात लावला. इंजिनच्या माथ्यावर जिथे प्लग असतो, तिथे प्लग नव्हता. त्या भोकात लाल कापडाचा बोळा घट्ट कोंबलेला होता. रावजींनीच बसवला असणार, असं सगळे समजून चाललेले.

दोन दिवसांनी हबीबभाईंचा निरोप आला, ताईंना लगेच यायला सांगा. सुवर्णा दुकान शेजारणीवर टाकून गेली. इंजिन उघडलेलं होतं. पिस्टन अर्ध्यावर अडकून बसला होता आणि त्याच्या डोक्यावर गंजाचा जाड थर.

"ताई," हबीबभाई गंभीरपणे म्हणाले, "इंजिनमध्ये झाड कोणी लावलं?"

गंजात एक काळी पडलेली काडी रुतलेली होती. सुवर्णाने वाकून पाहिलं. जन्म फुलांत गेलेल्या बाईला ओळखायला वेळ लागला नाही. तुळशीची मंजिरी होती ती. तिने लाल कापडाचा बोळा उलगडला. नवसाबाईच्या चोळीचा खण होता. मग तिला सगळं उमजलं.

माणूस जायला निघाला की त्याच्या तोंडात गंगा घालतात आणि वर तुळशीचं पान ठेवतात. नाशिकला गंगा म्हणजे आपली गोदावरी. सुवर्णाला हे हबीबभाईंना सांगायची गरजच पडली नाही. या गावात जन्म गेलेला माणूस तो. ते म्हणाले, "आमच्यातही जाणाऱ्याला जमजमचं पाणी देतात. हे मी गटारात टाकणार नाही." त्यांनी पितळी पट्टीने तो गंज हळूहळू खरवडला, मंजिरीसकट कागदावर घेतला आणि पुडी बांधून सुवर्णाच्या हातात दिली.

पुडी घेऊन ती तडक मखमलाबादला गेली. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसलेल्या. सुवर्णाने पुडी आईच्या मांडीवर ठेवली. नवसाबाईने उघडून पाहिली आणि पुन्हा मिटली.

"मी दवाखान्यात गडू घेऊन उभी व्हते," ती म्हणाली. "ते काचंच्या पल्याड. आत जाऊ देत नाय, ते तरी काय करतील. गडू हातात तसाच ऱ्हायला. घरी आले तर ही मिलिटरी दारात उभी. त्या दिशी त्यांनी पुसायला म्हून पलग काढला व्हता, तिचं तोंड उघडं दिसलं. मंग त्यांची गंगा मी तिला घातली."

सुवर्णाला वाटलं होतं आपण चिडू. तिला रडूच आलं. अकरा वर्षं ही बाई दर दसऱ्याला त्या गाडीला हार घालत होती आणि आपण सगळे किकवर पाय देऊन बघत होतो. म्हणून ती जाऊ दे म्हणत होती. तिच्या लेखी गाडीचं सगळं रीतसर होऊन गेलेलं होतं.

"आणि आता तू ती खरवडून काढली," नवसाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे सुवर्णाला जास्त लागलं. "गंगा घेतलेल्याला माघारी बोलवत नसत्यात. तुला काय करायचं ते कर. मी यंदा पूजेला येनार नाय." पुडी पदराच्या टोकाला बांधून ती आत निघून गेली. चिमणाबाईला कमी ऐकू येतं. ती सुवर्णाला म्हणाली, की चहा टाक.

त्या रात्री कुणी विचारलं असतं तर सुवर्णाने गाडी हर्षलला देऊन टाकली असती. आईचं मन मोडून कसली हौस करायची? पण सकाळी दुकानाच्या फळीवर झेंडू ओतताना तिला वाटलं, की वडिलांनी एवढ्या भावकीसमोर आपल्यावर टाकलेली ही एकच गोष्ट आहे. दिव्यांच्या माळेत उभी केली तर ती खरोखरची मेली. तिने हबीबभाईंना फोन केला आणि पुढचं काम करा म्हणून सांगितलं.

हबीबभाईंनी पिस्टनवर डिझेल आणि तेल ओतून तो भिजत ठेवला आणि लाकडी ठोकळ्याने हलक्या हाताने ठोकत ठोकत सोडवला. बोअर, म्हणजे पिस्टनची नळी, नव्याने कापून घेतलं. नवा पिस्टन मिळेना, तेव्हा त्यांचा भाचा मुस्तकीम मालेगावच्या जुन्या बाजारात हिंडून एक मिळता-जुळता घेऊन आला आणि त्यांनी तो लेथवर कातून बसता केला. ठिणगी देणारा मॅग्नेटो आतून वितळून गेला होता, त्याची तार पुन्हा गुंडाळून आणली. ही सगळी कामं दुसऱ्यांची. रंग काढायचं काम मात्र सुवर्णाने कुणाला करू दिलं नाही.

पेट्रोलची टाकी तिने थेट दुकानात आणली. गणपती गेले, पितृपक्षात हारांना उठाव नसतो. तेव्हा ही बाई टाकी मांडीवर घेऊन बसे आणि पातीने एकेक थर सोलून काढी. सोलताना घरातले सगळे पोळे मागे मागे जात होते. समाधानच्या लग्नाच्या वर्षीचा लाल, मोठ्या पुराच्या वर्षीचा निळा. देवाला निघालेली माणसं थांबून बघत. फुलवालीच्या मांडीवर हे काय, असं विचारत. सुवर्णा मान वर न करता सांगे, "माझ्या वडिलांची गाडी. मिलिटरीतली." पहिल्यांदा सांगताना जरा अवघडली. पुढे पुढे कुणी विचारलं नाही तरी सांगू लागली. एका साहेबांनी हार घेतला आणि न विचारताच निघाले, तर त्यांना थांबवून सांगितलं.

शेवटच्या थराखाली हिरवा रंग लागला. थोडा मळकट, पण शाबूत, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत कॅम्पातला पुसट नंबर. गंज कुठेही नाही. रावजींनी शिंगांचा रंग फासफासून गाडीची रया घालवली, असं सगळं गाव हसलं होतं. त्याच रंगाने तिला इतकी वर्षं जपलं होतं. सुवर्णाने टाकीवरून पालथा हात फिरवला. आपल्या माणसाची बाजू खरी ठरावी आणि ती आपल्या हाताने खरी ठरावी, यासारखा आनंद नाही. हबीबभाईंनी बाकीची गाडीही त्याच हिरव्यात रंगवली. टाकीला मात्र सुवर्णाने ब्रश लावू दिला नाही.

दसरा हा फुलवाल्यांचा सुगीचा दिवस. पहाटेपासून सुवर्णाला मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी बाजार उठल्यावर ती पिवळ्या झालेल्या हातांनीच मखमलाबादला पोचली. मिलिटरी अंगणात उभी होती. भावकी जमली होती, हबीबभाई नव्या झब्ब्यात आले होते, हर्षलही एका बाजूला हात बांधून उभा होता. मंगलाबाईने, समाधानच्या बायकोने, हार घातला आणि हळदी-कुंकू लावलं. नवसाबाई दिसत नव्हती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. चिमणाबाईला खुर्चीवर आणून बसवलं होतं.

सुवर्णाने पदर खोचला आणि पहिली किक मारली. काही नाही. दुसरी मारली. गाडी नुसती ठसकली आणि गप्प झाली. कुणीतरी हळूच हसलं. समाधान पुढे झाला, ताई मी मारून बघू का म्हणाला. ती नाही म्हणाली. तिच्या लक्षात आलं, की आपण रागाने मारतोय. आईचा राग, हर्षलचा राग, जमलेल्या लोकांची लाज, सगळं पायात उतरलंय. तिने डोळे मिटले, डाव्या मुठीचा खटका दाबला आणि पाय हलकेच खाली नेला. इंजिनने दम सोडला. तो दम तिच्या तळपायाला कळला. तिने खटका सोडला आणि एकच किक मारली.

मिलिटरी धडधडली. आधी अडखळत, मग एका लयीत. गळ्यातला हार थरथरायला लागला, चाळीतली कबुतरं उडाली. हबीबभाईंनी टोपी काढून कपाळ पुसलं. समाधान तर चक्क टाळ्या वाजवत होता. सुवर्णा हँडल धरून उभी होती आणि तिचे डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे लागलेले. भांड्यांचा आवाज थांबला होता.

नवसाबाई बाहेर आली. दारातच उभी राहून तिने तो आवाज ऐकून घेतला. मग पुन्हा आत गेली. सुवर्णाने गाडी बंद केली नाही, पण आनंदही करवेना.

इथे एक सांगायचं राहिलं. या चिमणाबाईला मागे एकदा डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. गंगा घातली, तुळस ठेवली, फोन गेले, सुरगाण्याची लेक रडत जीपने निघाली. ती पोचायच्या आत म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, चहा टाका. त्याला आता बरीच वर्षं झाली. अजून झेंडू निवडते.

तर नवसाबाई पुन्हा बाहेर आली, ती हातात कपबशी घेऊन. सगळ्यांच्या मधून चालत गाडीपाशी गेली, पुढच्या चाकासमोर खाली वाकली आणि वाफाळता चहा तिथे ठेवला. मंगलाबाईने न राहवून सासूला विचारलं, की आत्याबाई, हा कुणाला?

"चिमणाबाईनं उठल्या उठल्या चहाच मागितला व्हता," नवसाबाई म्हणाली.

लोक हसले. ती हसली नाही. तिने टाकीवर हात ठेवला, हिरव्या रंगावरून बोटं फिरवली आणि इंजिनाच्या धडधडीत तो हात बराच वेळ तसाच राहू दिला. मग मागच्या सीटवर, नेहमी बसायची तशी, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसली. लेकीच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्या हाताने पदराच्या टोकाची गाठ घट्ट धरली होती. पुडी अजून तिथेच होती.

"चल गंगेवर," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना सोडू. ही आपल्याकडं ऱ्हाऊ दे."

सुवर्णाने गिअर टाकला. नदीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत दोन्ही बाजूंची माणसं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने शेजारच्याला सांगितलं, की मिलिटरी चालली. सुवर्णाने ते ऐकलं, आणि उगाचच, काही गरज नसताना, एकदा मोठ्याने हॉर्न वाजवला.